लाल फडक्यातला सुपरहिरो

ती घटना आठवली की मला आधी गुन्हा आठवत नाही. आठवतो माझ्या टेबलावर उभा असलेला, वीतभराहून जरा उंच असा निळ्या चिलखतातला एक वीर, आणि पंख्याच्या वाऱ्यावर हलणारा त्याचा कापडी झगा. श्रावणातली दुपार होती, ठाण्यात वर्दळ नव्हती. बघता बघता वाटायचं, हा आता खिडकीतून उडून जाणार आणि माझा मुद्देमाल हरवणार.

स्वेच्छानिवृत्ती घ्यायच्या आधी मी जळगावच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्याकडे एका डाळ मिलच्या मालकाचा अर्ज आला. घराणं मूळचं राजस्थानातलं, शेठ स्वतः पन्नाशीचे. त्यांना सुपरहिरोंचे पुतळे जमवायचा छंद. त्यातला ओतीव धातूचा एक पुतळा त्यांनी धुळ्याच्या एका मूर्तिकाराला, पुतळ्याखाली बसवायला दगडासारखा दिसणारा चौथरा करायला दिला होता. परत आला तो नकली, अस्सल पुतळा मूर्तिकाराने ठेवून घेतला, अशी तक्रार.

हवालदारांनी अर्ज वाचून मान वर केली. "साहेब, जबाब कुणाचा घ्यायचा? बाहुल्याचा?"

"आधी त्याची ओळखपरेड घेऊ," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला हसू येत नव्हतं. ज्याच्यावर संशय होता तो माणूस गणपती करायचा, पण त्याचं पोट भरायचं ते लोकांच्या घरच्या जुन्या मूर्ती रंगवून. लोक पिढ्यांचे देव त्याच्या हातात देऊन जात. हा वस्तू बदलतो एवढी कुजबुज झाली तरी त्याच्या दाराशी कुणी देव घेऊन येणार नव्हतं. त्यामुळे गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी पक्की करायची, असं मी ठरवलं.

चौकशी करायची तर अस्सल म्हणजे काय, हे मला समजायला हवं होतं. शेठच्या घरी गेलो. त्या खोलीत काचेच्या कपाटांतून निळसर उजेड झिरपत होता आणि त्यात ते सगळे वीर कुणी मूठ वळून, कुणी हात पसरून थांबले होते. खोलीत शिरताना मी नकळत बूट काढले.

"साहेब, आधी चेहरा बघायचा," शेठ सांगू लागले. "दोन रंग भेटतात तिथली रेघ केसासारखी पाहिजे. मग सांधे. कोपर वाकवलं की जिथं सोडाल तिथंच थांबलं पाहिजे. साच्याची शिवण बोटाला लागता कामा नये. आणि तळपायावर छापलेला क्रमांक."

मी वजनाचं विचारलं. मला मोजता येतं त्यावर माझा विश्वास जास्त. शेठकडे पुतळ्याच्या जोडीचा तसाच दुसरा पुतळा होता. दोन्ही ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवले. फरक गुंजभराचा, वादातला तेवढाच हलका. सांधे दोन्हींचे घट्ट. पण तक्रारीतल्या पुतळ्याचा क्रमांक पुसलेला, आणि चिलखतावर कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसत होते. म्हणजे निम्म्या गोष्टी अस्सल म्हणत होत्या आणि निम्म्या नकली.

तेवढ्यात खबर आली. धुळ्यात मूर्तिकाराच्या कारखान्यासमोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याने आमच्या एका माणसाला सांगितलं, "आत त्या बाहुल्याचा साचा पडलाय." शेठ म्हणाले, "बघा! साचा काढला, नकली ओतला, मला दिला."

रवानगी नोंदवून आम्ही धुळ्याला गेलो, तिथल्या ठाण्यात आमद, म्हणजे पोचल्याची नोंद, दिली आणि कारखान्यात शिरलो. पांढऱ्या धुळीत गणपतींच्या रांगा उभ्या होत्या. एकाचेही डोळे अजून आखलेले नव्हते. तरी सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटत होतं. साचा सापडला, पण नुसत्या दोन पावलांचा. चौथऱ्यात पाय नीट बसावेत म्हणून घेतलेला. त्यात अख्खा पुतळा ओतता येणं शक्य नव्हतं.

मूर्तिकाराला समजपत्र दिलं. दुसऱ्या दिवशी तो जळगावला हजर झाला. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, नखांत रंग.

"पुतळा बदललास?"

"नाही साहेब."

"मग हा रंग कुणी लावला?"

"मी."

"शेठनी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का लावलास?"

तो गप्प. हवालदारांनी समजावलं, आवाज चढवला, चहा पाजला. तो कपाकडे बघत राहिला. आमच्या धंद्यात अशा गप्प बसण्याचा एकच अर्थ धरतात. हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, झालं हो. कबुलीच आहे ही."

मी टेबलाशी येऊन बसलो. समोर तो निळा वीर. विचार करता करता मी त्याचं कोपर सावकाश वाकवलं. पार आत, जिथं बोट पोचत नाही तिथं, रंग वेगळा होता. खोल, गुळगुळीत निळा. शेठना बोलावून भिंगातून दाखवलं.

"हा मूळ कंपनीचा रंग आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हा माझाच पुतळा आहे साहेब."

टाचणीने सांधा कोरला. कागदावर राखेचे कण, चिमटीतही येणार नाही इतकं थोडं कुंकू आणि चिंचेची एक शीर पडली. मी संसारी माणूस. सणाच्या आधी आमच्या घरी देव चिंच आणि राखेने घासतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि नुकताच कानबाई देवीचा सण होऊन गेला होता. खानदेशात कानबाई बसायच्या आधी घर सारवून-पुसून घरातला प्रत्येक देव लख्ख करतात.

"शेठ, पुतळा कशात बांधून दिला होता?"

"लाल कापडात. दुकानात वह्या बांधायला असतंच की ते."

मी आत गेलो आणि मूर्तिकाराला विचारलं, "तुझ्या घरी देव कोण घासतं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, गुन्हा माझ्यावर घ्या. आईला विचारू नका. तिला नीट दिसत नाही. कानबाईचं सगळं तीच करते. तिच्या हातून लोकांची वस्तू बिघडली हे कळलं, तर ती पुन्हा देवाला हात लावायची नाही." घरी आणून ठेवलेल्या पुतळ्याचा रंग आणि क्रमांक घासून उडालेला बघून त्याने आठवेल तसा रंग पुन्हा चढवला होता.

खात्री करणं माझं काम होतं. साध्या वेशात धुळ्याला मूर्तिकाराच्या घरी गेलो. शेठही हट्टाने बरोबर आले. म्हातारी ओट्यावर बसली होती.

"कोन शे रे?"

"आई, जळगावना शेठ शेतस. तो निळा देव त्यास्ना," मूर्तिकाराने सांगितलं.

"तो व्हय! गैरा जड शे, बाबा. चिच लायीसन घासा, पन काय उजळना नई. तुमले राग तं नई ना उना?" चिंच लावून घासूनही देव उजळला नाही, म्हणून शेठना राग तर आला नाही ना, एवढीच तिला काळजी.

मूर्तिकार जमिनीकडे बघत होता. मी शेठकडे बघत होतो. एका शब्दात सगळं मोडलं असतं.

"नाही आक्का," शेठ म्हणाले. "छान उजळला."

"लाल फडकामा माणूस थोडाच बांधतस? देवच राहस. मी त्याले कानबाईजोडे ठेवा. कोन्ता देव शे तो?"

कानबाईशेजारी पूजेला बसलेल्या त्या वीराचं नाव शेठनी सांगितलं नाही. "आमच्या घरातला आहे, आक्का. संकटात धावून येतो."

म्हातारीने हात जोडले. "मंग त्याले एकटा नका ठेवू."

परतल्यावर शेठ घरी न जाता थेट ठाण्यात आले. ठाण्यात त्यांनी जबाब दिला: पुतळा अस्सल आहे, माझा आहे, कोणाविरुद्ध तक्रार नाही. अर्ज निकाली निघाला. पण पोलीस कारखान्यात येऊन गेल्याचं टपरीवर सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते निकाली काढायचं कलम माझ्याकडे नव्हतं.

ते काम शेठनी केलं. पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, ते घरातला बाळकृष्ण घेऊन धुळ्याला गेले. टपरीसमोर गाडी थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मूर्तिकाराला म्हणाले, "नाना, आमच्या घरचे देव आणलेत. डोळे तुमच्याच हातचे पाहिजेत."

गप्प बसणारा स्वतःला वाचवत असतो, असं धरून मी बरीच नोकरी केली. त्या प्रकरणानंतर चौकशीत कुणी गप्प बसला की मी आवाज चढवायच्या आधी खुर्ची जवळ ओढायचो आणि विचारायचो, "घरी कोण कोण असतं?"