भिशीचा नंबर आणि चऱ्होलीचे घर

निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी शेजारी कागद घेऊन माझ्याकडे येतात. मोशीतल्या आमच्या सोसायटीत कोणाला विम्याचा अर्ज भरायचा असतो, कोणाला वीजबिलातला एखादा आकार समजत नसतो. मी गणित शिकवत असे. कायदा किंवा अर्थशास्त्र नव्हे. पण ‘बाईंना दाखवून घेऊ’ हे वाक्य एकदा जिन्यात रूढ झाले की ते बदलत नाही.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे भाडेकरू जोडपे आले, तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता, मोबाईल होता. दोघेही लातूरकडचे. तो महाळुंग्याच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजमाप घेऊन तपासतो. ती घरी ब्लाउज शिवते आणि बोलताना सुई ओठांत धरते, त्यामुळे तिचे बोलणे मोजके आणि टोचणारे असते.

प्रश्न असा होता. त्याच्या कंपनीच्या बसमध्ये बारा जणांची भिशी चालते. दरमहा प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची आणि चिठ्ठी टाकून ज्याचा नंबर निघेल त्याने ती सगळी उचलायची. त्या महिन्यात याचा नंबर होता. ती रक्कम आणि साठवलेले पैसे मिळून एका घराचा इसार होत होता. घर म्हणजे चऱ्होलीतला तिसऱ्या मजल्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट. तो तिने शोधला होता, ओट्याची उंचीही तिने मोजली होती. महिनाअखेरीपर्यंत इसार दिला नाही तर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाला होकार देणार होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात बसमधल्या एका सहकाऱ्याने एक संकेतस्थळ दाखवले. या प्रकाराला क्राउडलेंडिंग म्हणतात. शेकडो माणसे थोडे थोडे पैसे देतात, त्यातून एखाद्या बिल्डरला कर्ज मिळते आणि बँकेपेक्षा बरेच जास्त व्याज देणाऱ्यांना मिळते. नवऱ्याचा बेत असा की, पैसे वर्षभर तिथे ठेवावेत आणि पुढच्या वर्षी दोन बेडरूमचे घर घ्यावे.

“म्हंजे घर घ्यायचे पैसे घर बांधणाऱ्याला द्यायचे आन् आपण भाड्यात ऱ्हायचं,” ती म्हणाली. “हे तुमाला कंपनीत शिकवलं का?”

तो हसला. पण बेत सोडण्याचे चिन्ह दिसत नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, कारण मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी वही काढली आणि वर ‘नवीन प्रकारची ठेव’ असे शीर्षक लिहिले. दुसऱ्याच दिवशी ते खोडावे लागले. बँकेत ठेव ठेवली की आपण बँकेला ओळखतो. बँक ते पैसे कोणाला देते आणि तो ते केव्हा फेडतो, ही बँकेची चिंता असते. इथे ती चिंता आपली असते. संकेतस्थळ पैसे गोळा करते, बिल्डरपर्यंत पोहोचवते आणि हप्त्यांची नोंद ठेवते. कर्ज मात्र आपणच दिलेले असते. जमीन तारण असते हे खरे. पण तारण विकून पैसे वसूल करणे हे वर्षानुवर्षांचे काम असू शकते, हेही तितकेच खरे.

संकेतस्थळावरचे माहितीपत्रक चौथ्यांदा वाचताना एक ओळ नीट समजली. मुद्दल ‘विक्रीच्या उत्पन्नातून’ परत मिळणार होते. म्हणजे फ्लॅट विकले जातील, त्यातून बिल्डरकडे पैसा येईल आणि मग तो आपल्याकडे येईल. कर्ज देणारा व्याजाच्या दराकडे पाहत असतो, पण त्याचे पैसे प्रत्यक्षात न विकलेल्या फ्लॅटांमध्ये असतात. तेव्हा व्याज किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ती घरे कोण घेणार आणि केव्हा.

त्या बिल्डरचा प्रकल्पही चऱ्होलीतच होता, तिच्या फ्लॅटपासून जवळ. म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघे पाहायला गेलो. ती दोघे दुचाकीवर, मी रिक्षाने.

विक्री कार्यालयातल्या तरुणीने थंड पाणी दिले, काचेच्या पेटीतला नमुना दाखवला आणि सांगितले की पहिल्या टप्प्यातली जवळजवळ सगळी घरे विकली गेली आहेत. दुसऱ्या टप्प्यासाठी हे कर्ज होते. तिने खोटे काही सांगितले नाही, हे मुद्दाम नमूद करते. पहिल्या टप्प्याची इमारत समोरच उभी होती. आम्ही बाहेर आलो, तर शिवणकाम करणारी आमची शेजारीण मान वर करून तिच्या गॅलऱ्या न्याहाळत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

“बाई, हितं संसार कमी आन् पोरं जास्त हायत,” ती म्हणाली.

मला काही दिसेना. मग तिने बोट दाखवत दोऱ्यांवरचे कपडे वाचून दाखवले. एका गॅलरीत एकाच राखाडी रंगाचे चार गणवेश: एकाच कंपनीतले चार अविवाहित, भाड्याने राहणारे. पलीकडे निळे तीन, तसेच. साडी, झबले, शाळेचा गणवेश असे एकत्र कपडे फार थोड्या ठिकाणी. आणि कित्येक गॅलऱ्यांना दोरीच नव्हती.

मला त्याचा अर्थ लावायला थोडा वेळ लागला, पण लागला तेव्हा फार आनंद झाला. घर विकले जाणे आणि घरात कोणी राहायला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी राहण्यासाठी नव्हे, तर भाव वाढेल म्हणून घरे घेतली, ते उद्या ती विकायला काढणार. दुसरा टप्पा तयार होईल तेव्हा बिल्डरला गिऱ्हाइकासाठी त्यांच्याशीच स्पर्धा करावी लागणार. भाव वाढण्याचे कारण उरणार नाही, विक्री रेंगाळेल आणि मुद्दलही रेंगाळेल.

“सॅम्पल लहान आहे, बाई,” नवरा म्हणाला. तपासनीस म्हणून त्याचा आक्षेप रास्त होता. शिवाय ताथवड्यात कॉलेजच्या मुलांमुळे असेच दिसेल आणि तिथले अनुमान निराळे निघेल, असे मीही म्हणाले. म्हणून आजूबाजूच्या आणखी तीन इमारती पाहिल्या. तो स्वतः मोबाईलवर रेघा ओढत होता. बायको ‘संसार’ म्हणाली की एका रकान्यात, ‘पोरं’ म्हणाली की दुसऱ्यात. पहारेकऱ्याने आम्हाला हटकले. जनगणनेवाले का, असे त्याने विचारले, तर ही म्हणाली, नाही, पोरगी द्यायची आहे, घर कसे आहे ते बघतोय. तिन्ही इमारतींत पहिला रकाना लहानच राहिला.

तरीही तो पुरता बधला नव्हता. चहाच्या टपरीवर बसल्यावर मी त्याला सहज विचारले की, हे पैसे मध्येच लागले तर काय करणार?

“अडचण सांगायची,” तो निश्चिंतपणे म्हणाला. “नंबर पुढं घेतात.”

चूक कुठे आहे ते मला तेव्हा कळले. त्यांच्या भिशीत एक रीत आहे: कोणाकडे लग्न निघाले, कोणी दवाखान्यात पडले, की चिठ्ठी बाजूला ठेवून त्याचा नंबर आधी लावतात. कोणी पुरावा मागत नाही, कोणी कुरकुरत नाही. ती रीत इतकी अंगवळणी पडली होती की, चार माणसांनी मिळून पैसे जमवले म्हणजे ती असणारच, असे त्याने गृहीत धरले होते. त्या शेकडो अनोळखी लोकांची त्याने मनातल्या मनात एक मोठी बस केली होती.

मी त्याला चुकीचे म्हटले नाही. संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर फोन लावून विचारा, एवढेच सुचवले. त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. पलीकडची बाई सौजन्याने बोलत होती. मुदतीआधी पैसे काढता येत नाहीत, आपला हिस्सा विकायला ठेवता येतो, पण घेणारा मिळाला तरच. आणि बिल्डरला उशीर झाला तर मुदत वाढू शकते.

“म्याडम, आन् बायकोचं ऑपरेशन निघालं तर?”

“माझंच का?” ही म्हणाली. “तुमचं काढा की.”

पलीकडून उत्तर आले, “सर, तशी सोय नाही.”

“हे जे पैसे देणारे हायत, ते एकमेकाला वळखतात का?”

“नाही सर.”

त्याने आभार मानून फोन बंद केला आणि उरलेला चहा संपवला. “मग ही भिशी न्हाई,” तो म्हणाला.

मी न्यायाने बोलले पाहिजे म्हणून सांगितले की, यात फसवणूक काही नाही. ज्याचे स्वतःचे घर झाले आहे आणि ज्याच्याजवळ काही रक्कम मोकळी आहे, त्याने ती चार प्रकल्पांत थोडी थोडी घालायला हरकत नसावी. कसोटी एकच: मुदत वर्षाची असली तरी हे पैसे तीन वर्षे विसरून जाता येतील का?

“आमी इसाराची तारीख रोज मोजालोय,” ती म्हणाली. “इसरायचं कुठलं?”

राहता राहिला दोन बेडरूमचा प्रश्न. त्याच टपरीवर त्याने वर्षभराचे व्याज आणि वर्षभराचे घरभाडे शेजारी शेजारी मांडले. भाडे मोठे निघाले. त्याने पुन्हा मांडले, पुन्हा तेच निघाले. त्यावर बायकोने त्याचा रिकामा कप उचलून टपरीवाल्याला दिला आणि ती दुचाकीकडे निघाली.

महिना संपायला दोन दिवस असताना आम्ही मालकाकडे इसार द्यायला गेलो. मालक म्हणजे चऱ्होलीचेच जुने शेतकरी. जमीन बिल्डरला दिली, तिच्या बदल्यात त्यांना जे फ्लॅट मिळाले त्यांतला हा एक. मी कर भरल्याच्या पावत्या आणि फ्लॅटचे दस्त तपासले. इसारपावतीवर दोघांच्या सह्या झाल्या, धनादेश त्यांच्या हाती गेला. मालकांच्या पत्नीने, काकूंनी, चहा आणला. ही उठून खिडकीत गेली आणि पडदे कोणत्या मापाचे लागतील ते वितीने मोजू लागली. हे मालकांचे राहते घर होते, तिचा फ्लॅट नव्हे, पण खिडक्या तशाच आहेत म्हणे.

मालकांनी धनादेशाची घडी खिशात ठेवली आणि आवाज खाली आणला.

“बाई, तुमी शिकल्याल्या हाय, म्हून इचारतो. मोबाईलवरनं बिल्डरला पैसं देत्यात म्हनं. लई व्याज हाय. ह्ये पैसं तितं घालावं म्हनतो, काय?”

मी बोलणार एवढ्यात आमच्या तपासनिसाने खुर्ची पुढे ओढली.

“काका, आधी एक सांगा. हे पैसे मधीच लागले तर काय करताव?”

“मागून घीन की. आपलंच हायेत न्हवं?”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे एक कोरा कागद मागितला.

खिडकीतून बायको म्हणाली, “काकू, चहा अजून थोडा टाका. ह्याला येळ लागंल.”