बांधलेली नाव

शेजारच्या घरात दोघा भावांची वाटणीवरून जुंपली की आमची ही टीव्हीचा आवाज वाढवते. आज मात्र आमच्या भिंतीवर पलीकडून थाप पडली. त्यांच्या म्हाताऱ्या आईची असावी.

"अहो, बसा खाली. त्यांच्या घरातला मामला आहे," ही म्हणाली.

मी नोकरीत असताना सीमेवरच्या नदीकाठी आमच्या चौकीतही हेच वाक्य होतं. पलीकडच्या देशातून एक प्रांत फुटून निघू पाहत होता आणि गावं जळत होती. सगळ्याच शेजारी देशांनी तटस्थ राहायचं ठरवलं, आपणही. म्हणजे नाव या काठाला बांधून ठेवायची. पलीकडून हाक आली की नावाड्याने ओ द्यायची, ही तिथली जुनी रीत. चौकीचा प्रमुख मी. मी त्याला ओ देऊ दिली नाही. पलीकडे कोणी नव्हतं, असंच आजवर सांगत आलो. बायका होत्या. पोरं कडेवर घेऊन हाका मारत होत्या.

हाका थांबल्या, तेव्हा वारा नसतानाही रिकामी नाव एका बाजूला कलली, कोणीतरी चढून बसावं तशी. नावाडी हळूच म्हणाला, "साहेब, आता तरी ओ देऊ का?"

भिंतीवर पुन्हा थाप पडली.

"ओ, आलो," म्हणत मी दाराकडे निघालो.