नॉर्वेहून धुळ्याला परतायचे रस्ते

"बसत नाही बेटा, निघतोच आहे," असं म्हणत शेठजी खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचे. स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरत असायची, एक पाय दाराकडे वळलेला. आणि मग तासभर हलायचे नाहीत. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, बसलेलं असूनही उभं असल्यासारखं वाटणारं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सोनगीरहून बसने धुळ्याला यायचं, सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात काम. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. मी लोकांना परदेशी पाठवते हे वडील गावात सांगत फिरायचे. मी स्वतः नाशिकच्या पुढे गेले नव्हते, हे ते सांगायचे नाहीत.

शेठजींचं आग्रा रोडवर कापडाचं दुकान होतं. आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं कुटुंब. मी सोनगीरची, असं कळल्यावर ते माझ्याशी अहिराणीतच सुरुवात करायचे. "काय वं, बठ्ठं बरं शे ना गावमा?" गावात सगळं बरं आहे ना, एवढं विचारून उत्तराची वाट न बघता मराठीवर यायचे.

पहिल्या दिवशी म्हणाले, "अशी जागा सांग, जिथे सूर्य लवकर मावळत नाही. चार-पाच दिवसांत बघून परत यायचं. तुझ्या काकीजीला बघायची आहे."

मी शोधून नॉर्वे सांगितलं.

"डिसेंबरात जमव," ते म्हणाले. "इथे थंडी, तिथेही थंडी. शरीराला सवय राहील."

मला ते पटलं. मी उत्साहाने सगळं आखलं. ओस्लो, डोंगरातून जाणारी रेल्वे, बर्गेन, समुद्राच्या खाडीतली बोट. ते कौतुकाने ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तेव्हा तिथे सूर्य मावळतो किती वाजता?"

मी बघितलं. "साडेतीनला."

"पहाटे?"

"दुपारी, शेठजी."

ते उठून उभे राहिले. त्यांच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. "म्हणजे दुपारचं जेवण उतरायच्या आत रात्रीचं?" त्यांनी मला विचारलं, जणू नॉर्वेचा सूर्य मीच लवकर मावळवत होते. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! शाळेत उन्हाळ्या-हिवाळ्याचा धडा पाठ केला होता, पण तो कुणाच्या जेवणाशी जोडून बघितला नव्हता.

शेवटी जून ठरला. लग्नसराई संपल्यावर आणि चातुर्मास लागायच्या आत. जूनमध्ये बर्गेनला सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, हे सांगितल्यावर ते दुसऱ्याच टोकाला गेले.

"अकरापर्यंत जेवत बसायचं का?"

दोन दिवसांनी स्वतःच उत्तर घेऊन आले. उपाश्रयात उतरलेल्या जैन साधूंना, महाराजसाहेबांना, विचारलं होतं. "ते हसले. म्हणाले, भूक संपली की थांबा."

त्यानंतर खरी गंमत सुरू झाली. गंमत म्हणावी की नाही, मला अजून कळत नाही. ते रोज यायचे आणि एकच विचारायचे. "समज, तिसऱ्या दिवशी मधूनच परत यायचं झालं. तर कसं?"

मी तिसऱ्या दिवसाचा परतीचा रस्ता शोधून द्यायचे. कुठून कुठली रेल्वे, कुठलं विमान, मुंबईहून धुळं. मग चौथ्या दिवसाचा. मग प्रत्येक दिवसाचा सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. जायच्या रस्त्यापेक्षा यायचेच रस्ते जास्त झाले.

"आणि बोटीतून?"

"बोटीतून मध्येच उतरता येत नाही, शेठजी."

"मग मी काय पोहत येऊ धुळ्याला?"

बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशी काकीजींनी ती परत घालायला लावली. आमच्या ऑफिसचे सर मला म्हणाले, "हे गिऱ्हाईक जाणार नाही. तू उगाच जीव लावू नकोस." पण मी लावला होता.

व्हिसाचे फोटो द्यायला काकीजी स्वतः आल्या. त्या खुर्चीत पाठ टेकून ऐसपैस बसल्या. शेठजी स्कूटर सावलीत लावायला गेले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी अर्धा हिंदुस्थान पाहिलाय. म्हणजे प्रत्येक गाव अर्धं. अबूला देऊळ झालं, तळं राहिलं. सुरतेला लग्न लागलं, जेवण राहिलं. संध्याकाळ झाली की हे म्हणतात, निघूया."

मी भीतभीत विचारलं, "असं का?"

"नवीन लग्न झालेलं. आम्ही पालिताण्याला यात्रेला गेलो होतो. मागे घरी सासरे वारले. तेव्हा कुठला फोन? आलो तेव्हा सगळं आटोपलेलं. अग्नी धाकट्या भावाने दिला." त्या दाराकडे बघत होत्या. "तेव्हापासून परगावी मुक्काम केला नाही यांनी, रात्रीची गाडी धरून परत. दुकान मुलगा सांभाळतो, घरात सगळे धडधाकट. तरी नाही."

"मग हे इतकं लांबचं कशाला काढलंत, काकीजी?"

त्या लाजल्या. "सूर्यास्त बघायचाय. लग्न झाल्यापासून सूर्य खाली यायला लागला की माझी धावपळ. ताटं वाढा, पाणी प्या, आवरा. मी त्याच्याकडे कधी बघितलंच नाही गं. तिथे तो तासन्‌तास रेंगाळतो म्हणे. जेवण उरकून नुसतं बसून बघायचाय. यांच्या शेजारी. हे उठले नाहीत तर."

शेठजी आत आले. "चला, निघूया."

"बघ," काकीजी मला म्हणाल्या.

जूनमध्ये मुलाने त्यांना गाडीने चाळीसगावला सोडलं. तिथून मुंबईची रेल्वे. तासाभरात मला फोन. "बेटा, गाडी लेट आहे. लक्षण बरं नाही."

"शेठजी, ती रोजच लेट असते."

"इथून धुळ्याला परत यायला काय आहे?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मी खरं तेच सांगितलं, बस कुठून मिळते ते.

"बरं. विचारून ठेवलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मुंबईच्या विमानतळावरून पुन्हा तेच. मग ओस्लोहून. आमच्याकडे दिवेलागण झाली की फोन यायचा. तिकडे अजून दुपार असायची. "आजचा परतीचा रस्ता सांग." मी वाचून दाखवायचे. ते हूं हूं करत ऐकायचे, मागून काकीजींच्या खाकऱ्याच्या पिशव्यांची सळसळ ऐकू यायची. सगळं ऐकून झालं की ते म्हणायचे, "ठीक. म्हणजे आहे रस्ता." आणि तो दिवस काढायचे. बोटीच्या दिवशी मी म्हटलं, "आज चार तास रस्ता नाही, शेठजी." ते म्हणाले, "काकीजी चढली पण."

बर्गेनच्या शेवटच्या मुक्कामाला फोन आला नाही.

दिवे लागले. मी कागद समोर घेऊन बसले. सर म्हणाले, "विमानात असतील. मी म्हटलं नव्हतं?" मी फोन लावला, लागला नाही. शेवटची बस चुकेल म्हणून निघावं लागलं. गावी जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "तुनं काय शे तठे?" तुझं काय आहे तिकडे. ते विमानात असले तर काकीजींचं आणखी एक गाव अर्धं राहिलं होतं, आणि ते रस्ते मीच शोधून दिले होते.

सकाळी धुळ्याच्या बसमध्ये मोबाईल वाजला. काकीजींनी रात्रीच पाठवलेला फोटो आत्ता पोचला होता. मागून काढलेला. लाकडी बाक, समोर पाणी, पाण्यावर टेकायला आलेला सूर्य. शेठजी बाकावर पाठ टेकून बसलेले, पाय पसरून. धुळ्याच्या स्कूटरची किल्ली त्यांनी थेट तिथवर नेली होती. ती बाकावर बाजूला पडलेली होती.

सोबत काकीजींचा आवाज होता, हळू, कुणी ऐकू नये असा. "आज यांनी रस्ता विचारलाच नाही गं. मघापासून असेच बसलेत. आता मी सूर्य बघू की यांना, तेच कळेना."