एल्क किती फेऱ्यांत येतो

माझी मुलगी चार वर्षं अर्ज करत होती. यंदा वायोमिंगच्या लॉटरीत तिला एल्कच्या शिकारीचा परवाना लागला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, वजनाला जवळजवळ घोड्याएवढा. गाइड घ्यायचा नाही, सरकारी जमिनीवर आपला आपण तंबू ठोकायचा, जनावर आपणच शोधायचं आणि मांसही आपल्याच पाठीवरून आणायचं, असा तिचा बेत. "सोबत कोण?" असं तिच्या आईने विचारलं. "मी आहे की!" मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझं वय एकसष्ट. पण कॉलेजात असताना मी सह्याद्रीतले किल्ले चढलोय आणि आमच्या बॉथेल गावातल्या मराठी मंडळींच्या एकाही पॉटलक जेवणात ते सांगायचं सोडलेलं नाही.

मग ती दर शनिवारी लॅपटॉप घेऊन येऊ लागली. नकाशावर सरकारी जमीन हिरवी, खासगी पांढरी. मला वाटायचं, शिकारीचं प्लॅनिंग म्हणजे जनावर कुठे सापडेल ते शोधायचं. ही उलट्या टोकाने सुरुवात करायची. जनावर पडल्यावर मांस गाडीतल्या बर्फापर्यंत किती वेळात पोचेल? तिथे ऑक्टोबरातही दुपारी ऊन तापतं, उशीर झाला तर मांस नासतं. मांस दोनशे पौंडांच्या वर, माणसं दोन, म्हणजे साठ-साठ पौंडांच्या प्रत्येकी दोन फेऱ्या.

"जिथून आणता येणार नाही, तिथे शूट करायचं नाही," ती म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

रस्त्यापासून चार मैल आत गवताचा एक खोलगट माळ होता. माणसं तिथवर जात नाहीत म्हणून एल्क जातात. चार वर्षं तिचा डोळा त्याच जागेवर होता.

"बाबा, साठ पौंड उचलशील?" तिने विचारलं.

"हसत हसत."

मी आधी एकट्याने करून पाहिलं. वीस वीस पौंडांच्या तांदळाच्या तीन पिशव्या सॅकमध्ये भरल्या आणि घराजवळच्या टेकडीला लागलो. निम्म्या वाटेत बसलो. बूट चावतात, असं घरी येऊन सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं. पुढच्या रविवारी ती बरोबर येणार होती. त्या सकाळी मी दोन पिशव्या काढल्या आणि त्या जागी कुरमुऱ्यांची पाकिटं कोंबली. सॅक दिसायला तशीच टम्म. टेकडी मी झपाझप चढलो, वर जाऊन तिला पाणीसुद्धा दिलं. "यू आर अ बीस्ट, बाबा!" ती म्हणाली. त्या दिवशी मी खूश होतो, हे कबूल करायला हवं.

शनिवारी तिने पूर्ण प्लॅन दाखवला. माळावर सकाळी जनावर पडलं, तर पहिली फेरी कधी, दुसरी कधी, तासातासाचा हिशेब मांडलेला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, बाबा साठ पौंड. ती थट्टा नव्हती. त्या आकड्यावर ती एका जिवावर नेम धरणार होती.

मी तिला सगळं सांगितलं, कुरमुऱ्यांसकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"आय वुड हॅव पुल्ड द ट्रिगर, बाबा. तुझ्या नंबरवर. आणि अर्धं तिथेच सडलं असतं."

मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला ने. ती तरुण आहे, माळ सोडू नकोस."

मग माळावरची खूण तिने पुसली आणि रस्त्यापासून दीड मैलावरच्या झाडीत नवी केली.

"इतक्या जवळ एल्क कुठले असायला?" मी म्हणालो.

"मेबी नॉट. पण मैत्रिणीबरोबर मी नंतर कधीही जाऊ शकते."

तिने साठ खोडून चाळीस लिहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता खरं सांग. चाळीस जमतील?"

या वेळी मी उत्तर द्यायला वेळ घेतला.

"तीस," मी म्हणालो.

तिने तीस लिहिले, एक फेरी वाढवली आणि खूण रस्त्याच्या आणखी जवळ आणली.