चौथं पान

"उठ ग. उभी राहा. लोकांना दिसू दे."

साहेब माईकवरून असं म्हणाले आणि मी उठले.

गेल्या वर्षीची गोष्ट. नेपियर टाउनमधला हॉल, पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या. व्यासपीठावरची समई पंख्याने तीनदा विझली होती. शेवटी पंखा बंद करून पेटवली, म्हणून सगळे घामाघूम. वार्षिक व्याख्यान. विषय, मानवी प्रतिष्ठा. समोर शंभरेक माणसं. काही विचारांसाठी आलेली, बरीचशी नंतरच्या खोव्याच्या जलेबीसाठी. त्यांना मी दोष देत नाही. जलेबी निदान दिसते तेवढी गोड असते.

"ही बघा," साहेब म्हणाले. "हिची आई आमच्या घरी भांडी घासायची. ही तिच्यामागे यायची, एवढीशी, नाक वाहणारी. आज आमच्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. याला म्हणतात संस्कार. संस्कार मातीचं सोनं करतात!"

टाळ्या. हात कुठे ठेवावेत मला कळेना. मी ते जोडले. टाळ्या वाढल्या.

माती म्हणजे आई.

त्या हॉलमध्ये एक गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती, साहेबांना आणि मला. ते भाषण मी लिहिलेलं होतं.

साहेब म्हणजे मोठ्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी. घर दीक्षितपुऱ्यात, सहा पिढ्यांचं. "आमचे पूर्वज तलवार घेऊन या हिंदी मुलखात आले," असं ते दर भाषणात सांगतात. माझे आजोबा वळकटी घेऊन नागपूरकडून आले, ते कुणी सांगत नाही. साहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. मी तिथे अतिथी प्राध्यापक. अतिथी देव असतो म्हणतात. हा देव दर एप्रिलात विसर्जित होतो आणि जुलैत, साहेबांची सही झाली तर, पुन्हा बसवतात.

चार वर्षं साहेबांची भाषणं मी लिहीत होते. त्यांची एक पद्धत होती. अक्षरं मोठी. पानाला एकच बाजू. लाल पेनाने एक उभी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे टाळ्यांसाठी थांबणे. रेघा मीच मारायच्या. ते आधी वाचत नसत. "तू लिहिलंयस ना, मग झालं," म्हणायचे. याला मी विश्वास समजत होते.

त्या दिवशी तिसऱ्या पानाच्या तळाशी मी लिहिलं होतं, "माणूस ही दाखवायची वस्तू नाही. ज्याला आपण उदाहरण म्हणून उभं करतो, त्याला आपण विचारलेलं असतं का?" पुढे दोन लाल रेघा. साहेबांनी ते वाक्य फार सुरेख वाचलं. थांबले. टाळ्या घेतल्या. चौथं पान न उचलता चष्मा काढला आणि म्हणाले, "उठ ग."

आणि मी उठले. हे मला पुन्हा पुन्हा लिहावं लागतंय. कुणी हात धरून उठवलं नाही. गुडघे आपोआप सरळ झाले. दहा वर्षं मुलांना संकल्पस्वातंत्र्य शिकवणारी बाई मी. गुडघ्यांनी तो पाठ ऐकलेला नव्हता.

गुडघ्यांची सवय जुनी आहे. बाबा साहेबांच्याच कारखान्यात मजूर होते. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची. आई मदन महालच्या डोंगराखालच्या आमच्या वस्तीतून पायी दीक्षितपुऱ्यात जायची, भांडी आणि फरशीसाठी. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि निळ्या कोटातला फोटो. त्यांच्या घरात आम्हाला मागचं दार. मी नऊ वर्षांची असताना साहेबांकडे पाहुणे आले होते. साहेबांनी मला आत बोलावलं, स्टुलावर उभं केलं आणि संस्कृत सुभाषित म्हणायला लावलं. ते मी मागच्या पायरीवर बसून ऐकून पाठ केलेलं. विनयावरचं सुभाषित होतं.

"अरे वा! उच्चार पाहा!" एक पाहुणे म्हणाले. "वाटत नाही हो."

काय वाटत नाही, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. साहेबांच्या बायकोने, काकूंनी, माझ्या हातात लाडू दिला. दिला म्हणजे वरून सोडला. दाराच्या फटीत आई उभी होती, कोपरापर्यंत राख लागलेले हात घेऊन, आणि हसत होती. पोरीचं कौतुक होतंय म्हणून.

संस्कार म्हणतात ते हेच. त्या घराने मला एक स्टूल दिलं, पाच मिनिटांसाठी. बाकी सरकारी हिंदी शाळा, वस्तीतल्या विहारातलं पुस्तकांचं कपाट आणि आईचे पाय.

व्याख्यानानंतरच्या सोमवारी मी वर्गात गेले. अकरा मुलं. नीतिशास्त्राचा तास. रोशनी नावाची मुलगी त्या हॉलमध्ये होती, स्वयंसेवक म्हणून पाण्याचे पेले भरत. तिने हात वर केला. उभी राहिली. आमच्याकडे उत्तर उभ्यानेच देतात, प्रश्नही उभ्यानेच विचारतात.

"मैम, उस दिन आप खड़ी क्यों हुईं?"

"आदर के लिए," मी म्हटलं.

"किसके?"

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं आठवत नाही. रोशनी बराच वेळ उभीच होती, मी बस म्हटलं नव्हतं म्हणून.

तेव्हापासून मला एका जागी चैन नाही. जेवताना उठते, पाणी आणते, ते न पिता ठेवते. बाजारात कुणी "ओ मॅडम" म्हटलं तरी पाठ ताठ होते. "किसके?" तीन अक्षरांचा प्रश्न. माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत इतका कठीण विचारला गेला नव्हता.

या वर्षीचा विषय साहेबांनी स्वतः निवडला. कृतज्ञता, समाजाचा पाया. मला घरी बोलावलं. आता मी पुढच्या दाराने जाते. काचेच्या कपात चहा मिळतो. साहेब खुर्चीत, मी समोर वही घेऊन.

"गेल्या वर्षीचा तो तुझा प्रसंग फार रंगला," ते म्हणाले. "लोक अजून फोन करून राहिलेत. या वेळी तो लिहूनच घाल. पान चारवर. तुझी आई, भांडी, सगळं. 'उठ ग' लिही आणि पुढे दोन लाल रेघा मार. आईलाही आणू. गाडी पाठवतो मी."

"सर, ते मी लिहू?"

"मग कोण लिहिणार? तुझंच तर आहे."

मी घरी येऊन लिहायला बसले. तीन पानं झाली. कृतज्ञतेवर मला बोलण्यासारखं खूप आहे, मी तो विषय शिकवते. उपकार ज्याने केले, त्याने ते बोलून दाखवले की ते उपकार उरत नाहीत, वसुली होते. ज्याने केलेच नाहीत, त्याने बोलून दाखवले तर काय होतं, याला शास्त्रात शब्द सापडला नाही. चौथ्या पानावर मी "हिची आई" एवढं लिहिलं. लाल पेन उचललं. माझ्याच आईपुढे, माझ्याच हाताने, टाळ्यांची रेघ मारायची. रेघ मारली नाही. पान फाडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना तीन पानं आणि पाचवं पान दिलं.

"सर, चौथं मी लिहिलेलं नाही. आणि आईला उभं करू नका. मलाही नको."

हे वाक्य मी ऑटोत बसून वीस वेळा म्हणून पाहिलं होतं. तरी आवाज चिरकला. साहेबांनी पानं मोजली, हसले.

"अच्छा. लाजतेस का? चलो, मला पाठ आहे ते."

इथे मी माझ्याही चुकीचं नाव घेते. मला वाटलं, सांगितलं म्हणजे झालं. नीतीची पुस्तकं वाचणाऱ्यांचा हा खास भाबडेपणा. आपण युक्तिवाद नीट मांडला की समोरचा बदलेल. समोरच्याला युक्तिवाद दिसलाच नाही. त्याला लाजणारी मोलकरणीची पोर दिसली.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी आली. आईला मी सगळं सांगितलं होतं. तरी तिने ठेवणीतली जांभळी साडी नेसली. "बोलावलं तर जावं लागते," म्हणाली. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. आईच्या आयुष्यातली पहिली पहिली रांग. ती खुर्चीच्या काठावर बसली, केव्हाही उठवतील अशी. पाहुण्यांचा परिचय अर्धा तास चालला. परिचयात त्यांच्या विनम्रतेचा उल्लेख चारदा आला.

साहेबांनी तीन पानं वाचली. चष्मा काढला.

"आणि आता कृतज्ञतेचं जिवंत उदाहरण. हिची आई आमच्या घरी... उठ ग. दोघी उठा."

मी बसून राहिले.

सांगायला सोपं आहे. बसणं म्हणजे काही न करणं. पण गुडघे उठायला निघाले होते. खुर्चीचं कव्हर मी दोन्ही मुठींत धरलं होतं.

"अग उठ," साहेब म्हणाले. मग हिंदीत, कदाचित मराठी ऐकू गेली नसेल म्हणून, "खड़ी हो जाओ बेटा, सबको दर्शन दो."

थोडा हशा पिकला. मागच्या एका बाईंनी पाठीत बोट टोचलं. "अहो, तुम्हालाच म्हणून राहिलेत."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

तेव्हा आई हलली. तिने पदर सावरला, हात खुर्चीच्या दांड्यावर टेकले. तीही सवयच. मला म्हणाली, हळू, घाबरून, "उठ ना वं. काहून बसून राहिली? मोठे लोक आहेत."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. अर्धी उठलेली होती. मग बसली. या वेळी पाठ टेकून.

मी उठून भाषण केलं नाही. शाल फेकली नाही, मला कुणी दिलीही नव्हती. व्यासपीठावर साहेब दोन लाल रेघांइतके थांबले. टाळ्या आल्या नाहीत. मग त्यांनी चष्मा लावला आणि पाचवं पान वाचायला घेतलं. पाचव्या पानाचं पहिलं वाक्य होतं, "म्हणून मित्रहो, माणसाचं मन जपणं हीच नीती." तेही मीच लिहिलेलं. मला त्याची लाज वाटली. इतकं गुळगुळीत वाक्य कुणीही वाचू शकतो.

परत जायला गाडी नव्हती. ऑटो केला. मदन महाल स्टेशन येईपर्यंत आई बाहेर बघत बसली. मला वाटलं, रागावली.

"वीस वर्षं गेली मी त्याहीच्या घरी," मग म्हणाली. "कोणी मले बस म्हटलं नाही. एक दिवस नाही."

मी ऑटोवाल्याला वस्तीचं वळण दाखवलं.

"आता तुझं कॉलेज?"

"जाईल."

"मंग?"

"मंग काही नाही."

तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही. ऐकलं म्हणून.

चार दिवसांनी प्राचार्यांचा फोन आला. प्राचार्य भला माणूस आहे. वाईट वाटून घेणं हे त्याच्या नोकरीचंच एक काम आहे. "मैडम, साहब से एक बार मिल लीजिए. माफ़ी नहीं, माफ़ी जैसा कुछ. जुलाई की फ़ाइल मेरे पास ही पड़ी है."

"सर, मैं नहीं मिलूँगी."

"सोच लीजिए."

"दहा साल यही तो पढ़ाया है," मी म्हटलं. घाईत हिंदीत मराठी मिसळली. दुरुस्त केली नाही.

सत्र संपायला दोन महिने आहेत. दुसऱ्याच दिवशी मी वर्गात पहिला नियम सांगितला. प्रश्न बसून विचारायचा. उत्तर बसून द्यायचं. रोशनीने हात वर केला, सवयीने अर्धी उठली, थांबली आणि बसली. मग मी तिला तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आदराने नाही, भीतीने उठले होते. अकरा मुलांसमोर दिलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

साहेबांना पुढचं भाषण दुसरं कुणीतरी लिहून देईल. शहरात एम.ए. झालेल्या पोरी पुष्कळ आहेत. त्यातली कुणी माझ्याकडे आली तर तिला मी चौथं पान कसं फाडायचं ते शिकवीन. माझ्या आईची गोष्ट यापुढे कुणाच्या भाषणात येणार नाही. सांगायची झाली तर मी सांगेन, माझ्या तोंडाने, आणि आईला विचारून. जुलैत मला कुणी बसवणार नाही. मी बसलेली आहे. आता उठवून दाखवा.