हुशार मुली एकदम चुकत नाहीत

माझी आत्या दहावी पास होती. तिसऱ्या खेपेला. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि सांगताना तीन बोटं वर करायची. एकोणिसाव्या वर्षी ती परीक्षा मंडळात तपासणी कारकून म्हणून लागली, ती साठीपर्यंत तिथेच राहिली.

मंडळाचं काम होतं परिचारिकांची परवाना परीक्षा घेण्याचं. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. बरोबर वाटेल त्या पर्यायाचा गोळा पेन्सिलीने काळा करायचा. पन्नास गुण पडले की परवाना. एकोणपन्नास पडले तर बसा वर्षभर घरी.

सुरुवातीला यंत्रं नव्हती. तपासायला जाड पुठ्ठ्याची जाळी असायची, म्हणजे बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा. तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून जितके काळे गोळे दिसतील तितके गुण द्यायचे. बाकीच्या बाया भोकांतून दिसेल तेवढं मोजायच्या आणि पुढची पत्रिका ओढायच्या. आत्या पुठ्ठा उचलून खालीसुद्धा बघायची.

"अगं, खाली काय आहे?" शेजारची विचारायची.

"चुकलेली पोर कुठे गेली ते नको का बघायला?"

या नादापायी तिच्या पत्रिका रोज दहा-वीसने कमी भरायच्या आणि ती बोलणी खायची. पण वर्षं गेली तशी तिला एक नजर आली. कोणता चुकीचा पर्याय मुलींना भुलवतो आणि कोणत्या पर्यायाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, हे ती न चुकता सांगू लागली.

मग यंत्र आलं. तासाला हजार पत्रिका गिळायचं. जाळ्या रद्दीत गेल्या आणि आत्याकडे काम आलं यंत्रात अडकलेले कागद सोडवायचं. दुसरी कुणी असती तर खट्टू झाली असती. आत्याने संगणक विभागातल्या मुलीला गाठलं आणि जेवणाच्या सुट्टीत आकड्यांचे रकाने लावायला शिकून घेतलं. दरवर्षी यंत्राचं काम संपलं की ती सर्वांत जास्त गुणांच्या पाचशे पत्रिका एकीकडे घ्यायची, सर्वांत कमी गुणांच्या पाचशे दुसरीकडे, आणि प्रत्येक प्रश्नात कोणत्या गटाने काय निवडलं ते मोजायची. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी वाचतही नव्हतं.

ती सत्तेचाळीस वर्षांची असताना त्रेसष्टावा प्रश्न आला.

निकाल गुरुवारी लागायचा होता. मंगळवारी दुपारी तिचे आकडे तयार झाले. नव्व्याण्णव प्रश्न शहाण्यासारखे वागत होते, म्हणजे बरोबर उत्तर वरच्या गटात जास्त जणींना आलेलं, खालच्या गटात कमी. त्रेसष्टावा मात्र उलटा. उत्तरसूचीत बरोबर म्हणून छापलं होतं 'अ'. वरच्या पाचशेंपैकी ते निवडलं होतं फक्त बावीस जणींनी. चारशे एकतीस जणी गेल्या होत्या 'क'कडे. आणि 'अ' निवडणाऱ्या होत्या खालच्या गटातल्या, त्याही दोनशे साठ.

प्रश्न साधा होता: नाकातून रक्त येत असलेल्या रुग्णाला कसं ठेवावं? 'अ' म्हणजे बसवून डोकं मागे झुकवावं. 'क' म्हणजे बसवून पुढे वाकवावं.

गंमत म्हणजे आत्यालाही 'अ'च बरोबर वाटत होतं. लहानपणी तिचा घोळणा फुटला की माझी आजी तिची मान धरून मागे करायची. तरीही ती कागद घेऊन निकाल विभागाच्या साहेबांकडे गेली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, हा प्रश्न कुणी काढलाय माहीत आहे? मोठ्या डॉक्टरांनी. चाळीस वर्षं शिकवलंय त्यांनी. तुम्ही त्यांची चूक काढणार?"

"मी नाही काढत, साहेब. या चारशे एकतीस मुली काढतायत."

"मुली चुकतात. म्हणून तर परीक्षा घेतो आपण."

"एकेकटीने चुकतात. हुशार मुली अशा एकदम चुकत नाहीत."

साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला. "परवा निकाल आहे. यंत्र सांभाळा."

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली. आम्ही खाली राहायचो आणि ती वरच्या मजल्यावर. काका, म्हणजे तिचे यजमान, शिंपी होते. ते आमच्या टेबलाशी बसून माझ्या गणवेशाची शिवण उसवत होते. तिने सगळं सांगितलं.

"आणि तुझंच चुकलं असेल तर?" काकांनी विचारलं.

"तर ऑफिसभर हसतील."

"आणि बरोबर असेल, तरी तू गप्प बसलीस तर?"

काकांनी दातांनी दोरा तोडला. "मग हसू दे की. हसण्याने कुणाला भोक पडत नाही."

बुधवारी सकाळी दहाला ती मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभी होती. निवृत्त झालेले, सहा फूट उंच, आवाज असा की भिंतीने ऐकावा. त्यांनी तिला बसायला सांगितलं, कागद हातात घेतला आणि हसायला लागले.

"नाकाचं मला शिकवायला आलात?"

"नाही हो. मला नाकातलं ओ की ठो कळत नाही. मला विचारलं असतं तर मीही तुमचंच उत्तर लिहिलं असतं. पण उत्तरपत्रिका मला कळतात. हे बघा." तिने बोट ठेवलं. "पहिली आलेली मुलगी, 'क'. दुसरी, 'क'. तिसरी, 'क'. आणि ज्यांना सतरा गुण पडलेत, त्या सगळ्या तुमच्या बाजूने."

डॉक्टरांचं हसू थांबलं. सतरा गुणवाल्या आपल्या बाजूने आहेत हे त्यांना फारसं रुचलं नसावं. त्यांनी फोन उचलून आपल्या लेकीला लावला. ती एका इस्पितळात नाक-कान-घशाची डॉक्टर होती. फोनचा आवाज मोठा केला आणि एवढंच विचारलं, "नाकातून रक्त येतंय. डोकं मागे की पुढे?"

"पुढे, बाबा! आणि नाकाचा मऊ भाग दाबून धरा. मागे केलं तर रक्त घशात जातं. कुणाला येतंय रक्त? तुम्हाला?"

"नाही गं."

"बाबा, तुम्ही अजून मागेच करता की काय?"

डॉक्टरांनी फोन ठेवला. आत्या खाली फरशीकडे बघत राहिली. त्यांच्याकडे बघणं तिला बरं वाटेना. मग डॉक्टरांनी पेन काढलं, तिने आणलेल्या उत्तरसूचीतला 'अ' खोडला, 'क' लिहिला, खाली सही केली आणि म्हणाले, "चला, मी येतो तुमच्याबरोबर. तुमच्या साहेबांना माझ्या तोंडून ऐकू दे."

साहेबांनी ऐकलं. उभं राहून ऐकलं. पत्रिका पुन्हा यंत्रातून गेल्या. काठावरच्या एकसष्ट जणी पन्नासखाली घसरल्या, आणि एकशे अठरा जणी वर आल्या. गुरुवारी निकाल वेळेवर लागला. मंडळाच्या व्हरांड्यात मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, एक जण तर जिन्यावर बसून हसत-रडत आईला फोन करत होती. आत्या अडकलेले कागद सोडवायचा चिमटा हातात धरून दारातून बघत होती. यातली कोणती आपली, हे तिला कळायला मार्ग नव्हता. "सगळ्याच आपल्या म्हटल्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मंडळाला पत्र लिहिलं: यापुढे आकडे या बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय निकाल लावू नये. मंडळाने ते मानलं. शिवाय प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकांना तिने तीन दिवस शिकवावं असंही ठरलं.

पहिल्या दिवशी वीस प्राध्यापक बसले होते, सगळे पदव्यांनी लदलेले. प्रत्येकाने आपल्या विषयाचा एकेक प्रश्न आणला होता. आत्या म्हणाली, "मी दहावी आहे. तुमचे वीस प्रश्न मी सोडवते." पंधरा मिनिटांत तिने गोळे काळे केले. विषय होते औषधशास्त्र, शरीररचना, जंतू. तिला तेरा गुण पडले.

खोलीत चुळबुळ झाली. "तुम्ही अभ्यास केला होता?" एकाने विचारलं.

"नावंसुद्धा वाचता येत नव्हती मला. पण ह्यांचा सगळ्यात लांब पर्याय बरोबर, कारण खरं लिहिताना माणूस जपून लिहितो. ह्यांच्या तीन पर्यायांत 'नेहमी' आणि 'कधीच नाही' आहे, म्हणजे ते गेले. ह्या बाईंचा प्रश्न विचारतो 'कोणती', आणि चारातला एकच शब्द स्त्रीलिंगी. आणि सातव्याचं उत्तर तर बाराव्यात लिहून ठेवलंय." ती थांबली. "बरोबर उत्तर लिहिणं सोपं आहे हो. तुम्हाला ते येतंच. चुकीची तीन लिहिणं अवघड. ज्या मुलीला येत नाही तिला ते खरं वाटलं पाहिजे, आणि जिला येतं तिला वाटता कामा नये."

मोठे डॉक्टर मागच्या बाकावर बसून लिहून घेत होते.

दोन दिवस ते वीस जण पर्याय लिहीत, खोडत, एकमेकांशी भांडत राहिले. तिसऱ्या दिवशी नवी प्रश्नपत्रिका आत्यापुढे ठेवली. या वेळी तिला अर्धा तास लागला. ती पेन्सिल चावत होती, कपाळाला हात लावत होती, पुन्हा मागचं पान उलटत होती. एका तरुण प्राध्यापिकेने मोठ्याने गुण मोजले.

वीसपैकी चार.

आत्या खुर्चीतून उठली. "नापास!" ती ओरडली. "डोळे मिटून गोळे भरले असते तरी पाच पडले असते!" आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागली. आधी प्राध्यापक गोंधळले, मग एकेक करत सगळे उभे राहिले. टाळ्यांचा आवाज बाहेर निकाल विभागापर्यंत गेला, आणि काय झालं ते बघायला साहेबांनी दारातून डोकं आत घातलं.

"साहेब," आत्या म्हणाली, "दहावीला दोनदा नापास झाले, पण इतकी छान नापास कधीच झाले नव्हते!"