सोळा मुलं आण

"काळी बाजू तुझ्या मुलांना देऊ या. रंगवायचंसुद्धा काम नाही."

मॅडम असं म्हणाल्या आणि शेजारच्या तिघी हसल्या. डहाणूतल्या एका हॉलसमोरचं अंगण. फरशीवर चुन्याने आखलेला भला मोठा बुद्धिबळाचा पट. ऊन डोक्यावर. माझ्यामागे झरीच्या आमच्या पाड्यावरची सोळा मुलं, केसांना तेल लावून, रांगेत उभी. ती खेळायला आली होती. निदान मी त्यांना तसं सांगितलं होतं.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे वाक्य मॅडम माझ्या पाठीवर हात ठेवून येईल त्याला ऐकवतात, जसं काही कॉलेज त्यांनीच बांधलं. त्या एका अधिकाऱ्याच्या बायको. घरी लहान मुलांचा बुद्धिबळाचा क्लास चालवतात. क्लास त्यांचा, शिकवायचे मी. दर शनिवारी पहिली-दुसरीतली मुलं माझ्यासमोर. पालक दारात आले की मात्र मी "सोंगट्या मांडणारी मुलगी" व्हायचे. मला राग यायचा. बोलता यायचं नाही. घरी जाऊन उत्तरं सुचायची.

रविवारी मी पाड्यावर शिकवते. पट एक आणि मुलं पुष्कळ, म्हणून मी एक रीत काढली. अंगणात काटकीने घरं आखायची आणि मुलांनीच सोंगट्या व्हायचं. घोडा शिकायचाय, तर घोडा हो. अडीच घरं स्वतःच्या पायाने चाल. चाल सांगायची पाळी सगळ्यांवर येते. आज प्यादं झालेला उद्या डाव चालवतो. आणि एक नियम पहिल्यापासून: चुकीची चाल सांगितली तर सोंगटीने हलायचं नाही. सांगणारा कितीही मोठा असला तरी. तिथंच उभं राहायचं आणि म्हणायचं, चाल चुकली.

सात वर्षांच्या लक्षीला हा नियम फार आवडायचा. कोण चुकतंय याची ती वाटच बघत उभी असायची.

या खेळाचा व्हिडिओ मी हौसेने मॅडमना दाखवला. "कित्ती गोड!" म्हणाल्या. काही दिवसांनी फोन आला.

"आमच्या स्पर्धेला तुझी मुलं आण. सोळा आण हं. बरोबर सोळा."

बुद्धिबळ शिकवणारी मी. सोळा ऐकून माझ्या काही लक्षात आलं नाही. मला वाटलं, सोळा जागा ठेवल्या आमच्यासाठी. मी सोळा नावं पाठवली. पाड्यावर सांगितलं, तिथे खरं घड्याळ असतं, चाल केली की दाबायचं. त्या दिवसापासून लक्षी दिसेल ते दाबत सुटली. डब्याचं झाकण. बापाचा गुडघा. माझा हात.

खरी स्पर्धा हॉलच्या आत होती. खिडकीतून पंखे दिसत होते, टेबलं दिसत होती, प्रत्येक टेबलावर घड्याळ. आम्हाला आत कुणी बोलावलं नाही. एका बाईने मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या काळ्या टोप्या चढवल्या. कुणावर हत्ती, कुणावर उंट. लक्षीवर घोडा. टोपी तिच्या डोळ्यांवर येत होती.

मॅडम मला म्हणाल्या, "पटाच्या कडेने जरा वारली पेंटिंग काढ ना."

"मला येत नाही, मॅडम."

"असं कसं? तुमच्या रक्तातच असतं ते."

कॉलेजच्या शिबिरात माझं रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन कमी निघालं. पेंटिंग काही सापडलं नाही. हे मला तिथे सुचलं नाही. आता सुचतंय.

समोरच्या पांढऱ्या बाजूला क्लासची मुलं उभी होती. फोटो होईपर्यंत. मग ऊन लागायला लागलं, आया धावल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, मुलं मंडपाच्या सावलीत गेली. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. पाठीवर कागद चिकटवून. हत्ती, उंट, वजीर.

एका बाजूला खुर्च्या, दुसऱ्या बाजूला आमची मुलं. कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. आमच्या मुलांना खुर्ची द्यावी, हेही वाटलं नाही.

पाहुणे म्हणून एक साहेब आले होते. पांढऱ्याच्या चाली मॅडमचा मुलगा सांगणार, काळ्याच्या साहेब. साहेबांनी आधी भाषण केलं. बुद्धिबळात लहान-मोठा भेद नसतो, म्हणाले. मंडपातून म्हणाले. मुलं उन्हात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

सातआठ चाली झाल्या. मग साहेबांना जोर चढला.

"घोडा! सरळ पुढे! मार त्या हत्तीला!"

टाळ्या पडल्या. लक्षी हलली नाही.

"अगं ए, घोडा! जा की!"

लक्षीने टोपी वर सरकवली. "चाल चुकली," ती म्हणाली. "घोडा सरळ जात नाय."

मंडपातल्या क्लासच्या मुलांकडे मी बघितलं. त्यांना कळलं होतं. मीच शिकवलंय त्यांना, घोडा झोपेतही विसरणार नाहीत ती. एकाने तोंड उघडलं. त्याच्या आईने नुसतं बघितलं, त्याने मिटलं. इतक्या लहानपणी त्यांना हेही शिकवून झालं होतं.

लक्षीचा बाप आमच्यासोबत आला होता. चिकूच्या वाडीत कामाला आहे. तो माझ्या कानाशी म्हणाला, "बाय, जाऊ दे ना तिला एक घर. मोठी माणसं."

मीही तेच म्हणणार होते. खरंच. एकच घर. तेवढ्यात मॅडम पटावर आल्या आणि त्यांनी लक्षीला खांद्याला धरून पुढे ढकललं.

"तुला डोकं लावायला बोलावलं नाहीये. उभं राहायला बोलावलंय."

लक्षी ढकलली गेली. मग मागे वळली आणि पुन्हा आपल्या घरात जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत. नियम माझा होता.

मी पटावर गेले. लक्षीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि समोरच्या हत्तीवर ठेवली. खुर्चीवर.

"तिची चाल बरोबर आहे. तुमची चुकलीय."

आवाज बारीकच निघाला. पण माइक जवळ होता.

"मुलं खेळायला आलीत, मॅडम. आत टेबलं द्या."

"आत नावं आधी द्यावी लागतात गं."

"मी सोळा नावं दिली होती."

"ती सोंगट्यांची होती."

हे त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. त्यात काही चुकीचं आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबही आपले माइक धरून हसत उभे. अशा माणसांसमोर मी दोन वर्षं मान खाली घालत होते. मला त्यांची किळस आली.

"टोप्या काढा," मी मुलांना म्हणाले. उरलेल्या पंधरा टोप्या पटावर पडल्या. निघालो.

"एवढ्या प्रेमाने बोलावलं," मॅडम मागून म्हणत होत्या, "वडापाव आणलेत मुलांना!"

जीपने डहाणू मागे टाकल्यावर लक्षीने विचारलं, "ताई, आपण खेळलो काय?"

"नाही."

घरी पोचेपर्यंत तिने काही दाबलं नाही.

मॅडमचा मेसेज आला, "तुझा गैरसमज झालाय." माझा काही गैरसमज नाही. मी क्लास सोडला. पुढच्या स्पर्धेला माझी मुलं जातील, पण खेळाडू म्हणून नावं घेतली तरच, आणि ते मी आधी विचारून घेईन. नाही घेतली तर त्या हॉलच्या दारातच आम्ही आमचा पट मांडू. आत जाणाऱ्याला आम्हाला ओलांडून जावं लागेल.

अंगणातला खेळ चालूच आहे. नियम एक वाढवलाय. कुणीही, कितीही प्रेमाने बोलावलं, तरी पहिल्यांदा विचारायचं: आमची खुर्ची कुठाय? दाखवली नाही तर पटावर पाय ठेवायचा नाही.

लक्षीला हा नियम पाठ आहे. तो म्हणताना ती हसत नाही. मीही हसत नाही.